पेजेइतकं खारट

असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. आमचं गाव उंबरमाळीच्या वरच्या अंगाला, रानात एकटा हिंडून मोठा झालो, कधी काही दिसलं नाही की ऐकू आलं नाही. आठवीत शाळा सुटली, तेव्हा लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. पण आज इथे मस्कतला एका व्हिलाच्या पूलचं पाणी सवयीने जिभेला लावलं आणि वाटलं, हौसाआत्याचं कुठेतरी लिहून ठेवावं.

दोन हजार चार-पाचची गोष्ट. मुरबाडहून म्हशाकडे जाताना टेकाडावर एका साहेबांचा बंगला होता. पूलच्या पायरीवर बसलं की समोर सिद्धगड. पूल मिठाच्या पाण्याचा – म्हणजे समुद्राचं पाणी नव्हे हां. बोअरच्या पाण्यात मीठ विरघळवायचं, ते पंपाजवळच्या एका सेलमधून फिरतं, सेलमधल्या पत्र्यांना करंट असतो आणि मिठाचंच क्लोरीन तयार होतं. मशीन परदेशी, पुस्तक इंग्रजी. आणि पूल सांभाळायला मी, बावीस वर्षांचा, एबीसीडी जेमतेम येणारा. पहिले काही दिवस ते पुस्तकच उघडून बसायचो.

हौसाआत्या बंगल्यावर स्वयंपाक करायची. नात्यातली नव्हे, पण सगळेच आत्या म्हणायचे. तिचं घर आणि भाताची खाचरं टेकाडाच्या पायथ्यालाच. आमटीत मीठ किती पडलंय हे तिला नुसत्या वासावरून कळायचं, चाखावं लागायचं नाही.

"काय वाचतोस रे एवढा?" एकदा तिने विचारलं.

"पाण्यात मीठ किती लागतं ते बघतोय, आत्या."

तिने पूलमध्ये बोट बुडवून जिभेला लावलं. "हे बघ, पेजेला घालतो तेवढं. आमटीएवढं झालं का बिघडलं समज. बंद कर ते बुक."

त्या मापाने मी पूल चालवला. कल्याणहून मशीनवाला मेकॅनिक यायचा, कागदाची पट्टी बुडवून बघायचा – बरोबर!

आत्याची अजून एक सवय होती. दिवे लागले की 'मीठ' हा शब्द तोंडात नाही, 'गोडं' म्हणायचं. त्या वेळेला कुणाला द्यायचं नाही, कुणाकडे मागायचंही नाही. मी चिडवायचो, "आत्या, पूलमध्ये गोडं टाकलंय म्हणून सांगू का साहेबांना? मुंग्या येतील!"

"येऊ देत. तुलाच उचलून नेतील मेल्या."

त्या मे महिन्यात साहेबांची मुलगी आणि जावई परदेशातून शनिवारी यायचे होते. गुरुवारी सकाळी बघतो तर पाणी हिरवट आणि मशीनवर दिवा – मीठ कमी. आत्या लेकीकडे शहापूरला गेलेली. मी इतका घाबरलो की पाणी चाखायचंही सुचलं नाही. तीन पोती मीठ ओतलं, दिवसभर ब्रशने ढवळलं. दिवा तसाच!

शुक्रवारी सकाळी मेकॅनिकला फोन लावला.

"सेल उघडलास का? उन्हाळ्यात बोअरचं पाणी जड होतं, पत्र्यांवर चुना बसतो. मग मशीनला मीठ दिसतच नाही. अरे, आधी दात घासायचे, मग जेवायला वाढायचं!"

सेल उघडला. पत्रे पांढरे फटक. पातळ ॲसिडने साफ करून बसवला, तर आता दुसरा दिवा – मीठ जास्त. मेकॅनिकने ठेवलेली कागदाची पट्टीही तेच सांगत होती. जिभेला लावलं... आमटी.

"अर्धं पाणी सोड, नवीन भर," मेकॅनिक फोनवर म्हणाला.

बोअर कसाबसा चालत होता, पण रात्रभर लावला असता तर पूल भरला असता. अडचण वेगळीच होती. पूलचं पाणी सोडायचा पाइप उतारावरून थेट आत्याच्या राबावर जायचा. पालापाचोळा भाजून तिने भाताच्या रोपांसाठी ती जागा तयार ठेवली होती, आठ-दहा दिवसांत बी पेरायचं होतं. खारट पाणी गेलं असतं तर त्या तुकड्यात काही उगवलं नसतं. आणि नाही सोडलं तर माझी नोकरी.

व्हॉल्व्हवर हात ठेवून बसलो होतो, तेवढ्यात आत्या परत आली. व्हरांड्यातला दिवा नुकताच लागला होता.

"असा काय बसलास रे, म्हस मेल्यागत?"

"आत्या, मीठ जास्ती पडलं..."

तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. "दिवे लागलेत. नाव नको घेऊ."

मी सगळं सांगितलं. तिने खाली राबाकडे बघितलं. "सोडलंस तरी मी काय बोलणार नाय. तुझ्या पोटाचं हाय."

मग ती आतून तांब्या घेऊन आली. पायरीवर बसली आणि शेजारणीशी बोलावं तसं पाण्याशी बोलली, "गो बाय, माझ्या घरातलं संपलंय गो. वाईच गोडं दे."

तिन्हीसांजेला कधीच न मागणारी बाई! तांब्या भरून, पदराखाली धरून ती उतारावरून घरी गेली. मला वाटलं, म्हातारी माझी समजूत काढतेय. तरी माझ्याच्याने व्हॉल्व्ह काही उघडवला नाही.

सकाळी दिवा हिरवा. पट्टी बरोबर. पाण्याची पातळी कालच्याच टाइलला, व्हॉल्व्ह बंद. जिभेला लावलं – पेज.

पाहुणे आले, मनसोक्त पोहले. दुपारी जावयाने पहिला घास घेतला आणि पाण्याचा ग्लास उचलला. आमटी खारटढोण! आत्याच्या हातची, पहिल्यांदाच. स्वयंपाकघरात गेलो तर ती पळीचा वास घेत होती, परत परत. मग चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"दाम्या, हे मीठच हाय ना रे?"

त्यानंतर चार वर्षं स्वयंपाक तिने केला, मीठ मी घातलं. मुरबाडचे डॉक्टर म्हणाले, वयोमानाने होतं असं. मेकॅनिक म्हणाला, तेव्हा पट्टी चुकली असेल. असेलही. पण मी स्वतः चाखलेलं पाणी? राब मात्र त्या पावसात हिरवागार झाला, आणि त्याच पूलच्या कामावर मला इथली नोकरी मिळाली.

निघताना तिच्या पाया पडलो. विचारलं, "आत्या, त्या तांब्यातल्या पाण्याचं काय केलंस?"

"काय करणार? पेज केली."

"मग?"

"अळणी लागली रे," ती हसून म्हणाली.

याचा अर्थ मला आजवर लागलेला नाही. इथे मीटर आहे, तरी मी आधी चाखतो. आणि दिवे लागल्यावर गोडंच म्हणतो.