एका हाताचा हमाल

हॉटेलच्या लाँड्रीत त्यांना सगळे कडकराव म्हणत. कॉलरींवरून की स्वभावावरून, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. एकदा इस्त्री हातात घेतली की शर्ट पुरा होईपर्यंत ती खाली ठेवायची नाही, हा त्यांचा खाक्या. उजवा हात इस्त्री फिरवी, डावा कापड सरकवी. मदतीचं नाव काढलं की म्हणत, "मला काय हात नाहीत?"

मग अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, जीभ तर मुळीच अडखळली नाही (ती थोडी अडखळली असती तरी चाललं असतं, असं बायकोचं मत), पण डावा हात गेला. लाँड्रीच्या मॅडमनी निरोप धाडला: महिनाअखेरीला येऊन एक शर्ट करून दाखवा. जमलं तर टेबल तुमचं, नाहीतर दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर लक्ष ठेवा. दाराशी बसणं म्हणजे जिवंतपणी फोटोत जाऊन बसणं, असं कडकरावांना वाटलं.

घरी ते उठल्यासुटल्या डाफरू लागले. मुलीने वैतागून आपल्या कॉम्प्युटरवरचा एक खेळ त्यांच्यापुढे ठेवला. पडद्यावर एक हमाल. त्याला हुकूम लिहून द्यायचे: उचल, ठेव, पुन्हा पहिल्यापासून. त्याच्या हातात एका वेळी एकच खोकं; दुसरं उचललं की पहिलं गायब.

"कॉम्प्युटर पोटातून असाच चालतो, बाबा. एकेक बारीक हुकूम. आपल्या मनातलं त्याला काही कळत नाही."

कडकरावांनी हुकूम लिहिले. हमाल खोकं घेऊन ढिम्म उभा राहिला.

"अरे बावळटा, ठेव की खाली!"

"बाबा, तुम्ही 'ठेव' लिहिलंच नाहीत."

लिहिणार कुठून? जन्मात कधी हातातलं मध्येच खाली ठेवलं असेल तर ना!

पुढचा डाव मात्र त्यांना पुरून उरला. दोन खोक्यांची अदलाबदल करायची. दर वेळी एक खोकं नाहीसं होई. त्या रागात ते रात्री जेवणाच्या ताटावरूनही उठले. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले, तेव्हा कोपऱ्यातली रिकामी चौकट दिसली. एक खोकं घटकाभर तिथे ठेवलं आणि अदलाबदल झाली! असे ओरडले की बायको ओल्या हातांनी धावत आली.

महिनाअखेरीला ते लाँड्रीत उभे राहिले. "ठेव, सरकव, उचल," असं पुटपुटत, निकामी हात वजनासारखा कापडावर टाकत त्यांनी शर्ट केला. वेळ लागला, पण सुरकुती नाही. घोडं अडलं हँगरपाशी. गळ्याचं बटण लावायला जावं तर शर्ट घसरे. दोनदा घसरला. मॅडमनी घड्याळ पाहिलं.

शेजारच्या टेबलावर चादरींवाल्या बाई होत्या. वर्षानुवर्षं त्यांनी कडकरावांची फक्त बोलणी खाल्ली होती.

"बाई," कडकराव म्हणाले, "एवढं धरता का जरा?"

सगळी लाँड्री थबकली. बाईंनी हँगर धरला. बटण लागलं.

"पण रोज कोण धरणार?" मॅडमनी विचारलं.

"मी धरीन की," बाई म्हणाल्या. "चादरीच्या घड्या मी एकटीच घालते. दुसरं टोक यांनी धरावं. त्याला एक हात पुरतो."

मॅडमनी शर्ट उलटासुलटा करून पाहिला. "सोमवारपासून या."

बाई सोमवारपर्यंत थांबल्या नाहीत. चादरीचं टोक त्यांनी तिथेच कडकरावांच्या हातात दिलं. "घट्ट धरा हं."

आणि कडकरावांनी घट्ट धरलं.