श्वासाबरोबर हलणारी गाठ

चौदा वर्षं बाईंनी लोकांना एकच वाक्य ऐकवलं होतं, "श्वास घ्या, रोखून धरा, हलू नका." एक्स-रे विभागातल्या त्या सगळ्यात जुन्या तंत्रज्ञ. घरी मुली भांडायला लागल्या की त्यांच्या तोंडून तेच निघायचं, आणि मुली खरंच गप्प व्हायच्या. नवरा म्हणायचा, "हिच्यासमोर श्वाससुद्धा विचारून घ्यावा लागतो."

मग त्यांची बदली तळमजल्यावर झाली, किरणोपचारांची आखणी करणाऱ्या खोलीत. तिथे सगळं उलटंच. रुग्णाने श्वास चालू ठेवायचा. पोटावर चमकत्या ठिपक्यांची एक छोटी डबी ठेवायची, कॅमेरा तिचं वरखाली होणं टिपायचा आणि पडद्यावर लाट उमटायची. त्या लाटेच्या आधारे स्कॅनची शेकडो चित्रं श्वासाच्या दहा टप्प्यांत लावली की छातीतली गाठ किती हलते ते कळायचं. किरण गाठीवरच पडावेत, आजूबाजूचं शक्य तेवढं वाचावं, यासाठी हा सगळा खटाटोप.

यंत्रणा बसवली त्या दिवशी स्कॅन बंद ठेवून, नुसती डबी पोटावर घेऊन बाई स्वतःच आडव्या झाल्या. लाट संथ चालली होती. कुणीतरी म्हणालं, "बाई, सासूबाईंचा फोन आहे." लाट टुणकन उडाली. सगळे हसले, त्याही हसल्या. पण पंचेचाळीस वर्षं हे आपल्या आत न थांबता चाललंय आणि आपण कधी ढुंकूनही पाहिलं नाही, हा विचार दिवसभर त्यांच्या डोक्यातून गेला नाही.

पुढच्याच महिन्यात सुतारकाका आले. साठी उलटलेली, उजव्या फुप्फुसात अगदी खाली बोराएवढी गाठ. बायको बाहेर बाकावर बसली होती. काका टेबलावर झोपले खरे, पण त्यांच्या लाटेचा काही मेळच बसेना. मध्येच डोंगर, मध्येच सपाट.

"नीट श्वास घ्या म्हटलं की जमतच नाही हो," काका ओशाळून म्हणाले. "एरवी आपोआप होतं."

आखणीचं गणित बघणारे सर मान हलवत म्हणाले, "अशाने चित्रं जुळायची नाहीत. आजचं राहू द्या."

"पाच मिनिटं द्या मला," बाई म्हणाल्या आणि काकांच्या उशाशी गेल्या. "काका, दिवसभर हात काय करतात तुमचे?"

"रंधा मारतात. मशीन आहे, पण दाराच्या कडा मी हातानेच काढतो."

"मग आत्ता एक दार घ्या करायला. हात हलवायचे नाहीत, मनातच. रंधा पुढे गेला की श्वास सोडा, मागे आणला की घ्या."

काकांनी क्षणभर विचार केला. "मऊ लाकूड घेतो. कडक लाकडाला दम लागतो."

बाई काचेमागे आल्या. पडद्यावर एक लाट उमटली, मग तशीच दुसरी, मग तिसरी. सर खुर्ची पुढे ओढून बसले. स्कॅन सुरू झाला.

चित्रं जुळली तेव्हा बाईंनी ती एकामागून एक फिरवली. फुप्फुसांखालचं श्वासपटल वर चढत होतं, उतरत होतं. कडेला हृदयाची कड थरथरत होती. आणि ती गाठ प्रत्येक श्वासाला दीड सेंटिमीटर खाली जात होती, पुन्हा वर येत होती, अगदी वाट ठरलेली असल्यासारखी.

काकांनी बघायचं म्हटलं. बायकोलाही आत बोलावलं. दोघं पडद्यासमोर उभी राहिली.

"हे सगळं मला न विचारता चालतं?" काका हळूच म्हणाले.

"तुम्हाला विचारत बसलं असतं तर झालंच होतं," बायको म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले.

गाठीची पूर्ण वाट धरून आखणी झाली, उपचार पार पडले. वर्षभराने तिथे नुसता व्रण उरला होता. काका अर्धा दिवस कामावर जाऊ लागले. बायको मात्र बाईंकडे तक्रार करून गेली, "चहा निवला तरी पोटावर हात ठेवून बसतात. काय बघता म्हटलं, तर म्हणतात, चाललंय."