दोन चौकटींच्या मधली जागा

मी आज जो काही आहे तो कर्नल थॉमस यांच्यामुळे. यात आईवडिलांचा मान कमी करत नाही. उदगीरच्या मोंढ्यात पोती वाहून वडिलांनी मला डॉक्टर केलं. घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. पण डॉक्टर झालेल्या मुलाला डॉक्टरकी कशी करायची ते लष्करात कर्नलसाहेबांनी शिकवलं. त्यांचं एक पत्र टेबलाच्या खणात उत्तराची वाट पाहत पडलं होतं, आणि तपासणीला आलेले खाजा मियाँ माझ्यासमोर बसून भलत्याच पानावरचा आकडा वाचत होते.

रंगांची ओळख तपासायला एक पुस्तक असतं. पानावर रंगीत ठिपक्यांचं वर्तुळ, आणि त्यात वेगळ्या रंगाच्या ठिपक्यांनी काढलेला आकडा. ज्याला लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्याला तो आकडा दिसत नाही, किंवा दुसराच दिसतो. खाजा मियाँ पहिली पानं भराभर वाचत गेले. बारा, आठ, छे, उनतीस. मी मधली बरीच पानं एकदम उलटली. ते थांबले नाहीत. "सत्तावन," म्हणाले. तो आकडा होता क्रमाने येणाऱ्या पाचव्या पानावरचा, आणि ते पान मी दाखवलंच नव्हतं.

लष्करात हे आम्हाला नवं नव्हतं. भरतीला येणारी मुलं आकडे क्रमाने पाठ करून यायची. म्हणून आम्ही पुस्तक कधी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सरळ दाखवत नसू.

मी पुस्तक मिटलं. "खाजा मियाँ, किसने सिखाया?"

त्यांनी खरं तेच सांगितलं. "चष्मे की दुकान में एक भाई है साब. बोला, याद कर लो, डाक्टरां पहले के चार-पाँचइच पूछते. आप बीच में से खोल दिये."

त्यांच्या आवाजात तक्रार होती, आणि ती मला काहीशी रास्तही वाटली.

लष्करातली पाच वर्षांची नोकरी संपवून मी मलकपेठेत दवाखाना टाकला तेव्हा हैदराबाद झपाट्याने बदलत होतं. परदेशी भागीदारीच्या नव्या कंपन्या गावाबाहेर उघडत होत्या आणि जुने कारखाने एकेक करून बंद पडत होते. नव्या कंपन्यांना माणूस घेण्याआधी त्याची वैद्यकीय तपासणी हवी असे. त्यासाठी त्या बाहेरचा एखादा डॉक्टर नेमत. त्याला पॅनेल डॉक्टर म्हणायचे. पाटीवर 'कॅप्टन' पाहून त्यांचा माझ्यावर विश्वास बसायचा. मी अशा तीन-चार कंपन्यांचा पॅनेल डॉक्टर होतो.

खाजा मियाँचा रेडिओ कारखाना बंद झाला होता. परदेशी रंगीत टीव्हीच्या लाटेत त्यांचे रेडिओ कोण घेणार. घरात म्हातारी आई, बायको, दोन मुली. पॉवर सप्लायची यंत्रं बनवणाऱ्या एका नव्या कंपनीने वायरिंगसाठी माणसं मागितली होती. इंटरव्ह्यू झाला, निवड झाली. मधे राहिलो होतो तो मी.

वायरिंगच्या कामात रंग हीच भाषा असते. लाल वायर हिरवीच्या जागी गेली तर यंत्र जळतं, कधी माणूसही जातो. तेव्हा खाजा मियाँना त्या कामाला फिट म्हणणं शक्य नव्हतं. कंपनीचा फॉर्म परदेशातून फॅक्सने आला होता. त्यावर चौकटी दोनच, फिट आणि अनफिट.

"अनफिट लिख दिये तो दूसरी कंपनी भी नक्को बोलेगी साब," ते म्हणाले. "सब कंपन्यां का डाक्टर तो आपीच है."

इथे मला कर्नलसाहेब आठवले.

लष्करातल्या पहिल्या वर्षी एका ड्रायव्हर शिपायाचा डोळा अधू निघाला. मी कागदावर अनफिट लिहून पाठवलं. कर्नलसाहेबांनी तो सही न करता परत पाठवला. समासात तीनच शब्द होते: फिट फॉर व्हॉट? मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. ते म्हणाले, "अनफिट म्हणजे भंगार. माणूस भंगारात जात नाही, डॉक्टर. तो गाडी चालवू शकत नाही, हे तू मला सांगितलंस. काय करू शकतो, ते कोण सांगणार?" लष्करात यासाठी व्यवस्थाच असते. जवानाला मेडिकल कॅटेगरी देतात, म्हणजे कोणतं काम चालेल आणि कोणतं नाही ते ठरवून त्याला तसं काम देतात. तो ड्रायव्हर पुढे स्टोअर सांभाळू लागला.

हाच प्रश्न त्यांनी माझ्याबद्दलही विचारला होता. मेसमध्ये माझं इंग्रजी अडखळायचं, काटे-चमचे चुकायचे. एका वरिष्ठाने माझ्याविषयी 'अधिकारी म्हणून अयोग्य' असा शेरा दिला. कर्नलसाहेबांनी मला भरतीच्या कॅम्पांवर पाठवलं, खेड्यातल्या मुलांमध्ये. तिथे माझी जीभ कधी अडखळली नाही.

मी खाजा मियाँना विचारलं, "पुराने कारखाने में क्या करते थे?"

"वाइंडिंग करता था साब. ट्रान्सफॉर्मर की कॉइल भरता था."

कॉइल भरणं म्हणजे तांब्याची बारीक तार एकसारखी गुंडाळत जाणं. तार एकाच रंगाची असते. सगळं काम बोटांचं आणि मोजणीचं. "तो वायरिंग को अर्जी कैकू डाले?"

"इश्तहार वायरिंग काइच था."

मी दोन्ही चौकटी रिकाम्या ठेवल्या. त्यांच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात लिहिलं: रंगांवर अवलंबून असलेलं काम देऊ नये, वाइंडिंगला पूर्ण फिट. पाठवण्याआधी मजकूर खाजा मियाँना वाचून दाखवला. ते हौ म्हणाले, पण चेहऱ्यावर भरवसा नव्हता.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मूर्तींचा फोन आला. ते आधी पर्सोनेल मॅनेजर होते, आता त्यांच्या दारावर एचआर लिहिलं होतं. "डॉक्टर, टिक कुठे आहे?"

मी म्हणालो, टिकला जागा नव्हती. त्यांनी समजावलं की हा पार्टनरचा फॉरमॅट आहे, त्यात निबंध लिहायचा नसतो. अनफिट मारा, माणसं भरपूर आहेत. पॅनेल डॉक्टरही भरपूर आहेत, हे ते बोलले नाहीत. मला ऐकू आलं.

लष्करात मेडिकल ऑफिसर दवाखान्यात बसून राहत नाही. जवान जिथे राबतो ते ठिकाण जाऊन पाहतो. सवयीने मी म्हणून गेलो, "मला एकदा तुमचा शॉप फ्लोअर दाखवा."

मूर्ती सज्जन होते, त्यांनी बोलावलं. मी पुस्तक बरोबर घेतलं होतं. वायरिंगच्या टेबलांपाशी उभा राहून विचारलं, या सगळ्यांची रंगतपासणी झाली होती का? पहिल्या तुकडीच्या वेळी फॉर्मच आला नव्हता, मूर्ती म्हणाले, पण हवं तर पाहा. मी एकेकाला पुस्तक दाखवलं. मधूनच उघडून.

दोघांना आकडे दिसेनात. एक तरुण मुलगा होता, दुसरे यादगिरी. लाइनवरचे सगळ्यात जुने कारागीर, मूर्तींचा भरवशाचा माणूस. ते शेजाऱ्याला विचारून वायर उचलत, आणि ही गंमत सगळ्या टेबलाला ठाऊक होती. आता कुणी हसत नव्हतं.

मूर्तींनी मला बाजूला नेलं. "तुम्ही मदत करायला आलात की माझी लाइन बंद करायला?"

एका माणसाची नोकरी राखायला आलो आणि दोघांची घालवायच्या बेतात होतो. यादगिरी हातातली पक्कड पुसत उभे होते, माझ्याकडे न बघता.

"या दोघांना काय लिहू?" मी विचारलं. "चौकटी दोनच आहेत."

मूर्तींनी यादगिरींकडे पाहिलं. म्हणाले, "लिहू नका. कशाला चालतील ते सांगा."

मी त्यांच्या केबिनमध्ये बसलो. चहा आला. आम्ही कारखान्यातली कामं एकेक घेतली आणि प्रत्येकापुढे लिहिलं, रंग लागतो की नाही. मुलगा पॅकिंगला गेला. यादगिरींना मीटरवरच्या टेस्टिंगला घेतलं. वाइंडिंगचं काम कंपनी बाहेरून करून घेत होती. तिथला माल सारखा परत पाठवावा लागे. ते काम आत आणायचं मूर्तींच्या मनात होतंच. त्या कामाच्या टेबलाशी खाजा मियाँ बसले. पुढच्या फॉर्मवर मूर्तींनी 'कोणत्या कामाला फिट' अशी तिसरी चौकट छापून घेतली, आणि परदेशातल्या पार्टनरने त्यावर काही हरकत घेतली नाही. बहुधा त्यांनी पाहिलीच नसावी.

सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. यादगिरींचा पगार तोच राहिला, पण टेबल गेलं. नंतर कधी कंपनीत गेलो तर ते मला नमस्कार करत नसत. मी त्यांना करत असे.

धडा म्हणाल तर एवढाच: फॉर्म छापणाऱ्याला माणूस दिसत नाही. ज्याला दिसतो त्याने कडेला लिहायची तयारी ठेवावी, आणि अक्षर बारीक काढायला शिकावं.

त्या आठवड्यात मी खणातलं पत्र काढून उत्तर लिहिलं. इंग्रजीत लिहिलं होतं, मजकूर असा:

आदरणीय सर,

उत्तराला उशीर झाला, क्षमा असावी. इथे एका वाइंडिंग कारागिरामुळे तुमचा प्रश्न पुन्हा विचारावा लागला. या खेपेला तो एका मॅनेजरने माझ्याआधी विचारला, हे तुम्हाला कळवायचं होतं.

तुम्ही लिहिलंत की गुडघे गेले, एका कानाने ऐकू येत नाही, गावातला दवाखाना बंद केला, आता माझं नाव अनफिटमध्ये घाल. सर, तुमचा कागद मी सही न करता परत पाठवतो आहे.

फिट फॉर व्हॉट, सर?

माझा दवाखाना तळमजल्यावर आहे, पायरी एकही नाही. अवघड पेशंट मी तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवीन. दुसरी खुर्ची आणली आहे. ती तुमच्या चांगल्या कानाच्या बाजूने ठेवायची आहे. कोणता, तेवढं कळवा.

आपला,
कॅप्टन कांबळे