नाकवाल्या मिस्त्रींचा हीटर

जुन्या मोटारींचे एसी-हीटर दुरुस्त करण्यात मिस्त्रींची हयात गेली. गिऱ्हाईकं त्यांना 'नाकवाले मिस्त्री' म्हणत. काम संपलं की ते गाडीत बसत, काचा लावत, हीटर सोडत आणि जाळीला नाक भिडवून दोन मिनिटं डोळे मिटून घेत. "न्या बिनधास्त," एवढं ते म्हणाले की पुढे कोणी चकार शब्द काढत नसे. पण गेल्या वर्षीच्या तापात ते नाक कामातून गेलं होतं. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती. शेजारच्या शेगडीवर दूध करपलं तरी ते पेपर वाचत बसत, आणि ती बिचारी त्यांच्या आळशीपणाच्या नावाने बोटं मोडी.

त्या दिवशी एका निवृत्त शिक्षिकाबाईंची चाळीस वर्षांची गाडी आली. हीटरमधून ऊब येतच नव्हती. बाईंना लेकीला आणि महिन्याभराच्या नातीला डोंगरापलीकडे घरी न्यायचं होतं. मिस्त्रींनी गंजून बंद पडलेली झडप मोकळी केली, नवी तार ओढली. ऊब भसाभसा आली. या गाडीची हवा धुराच्या नळीभोवतीच्या पत्र्याच्या कवचात तापते. ती नळी कुठे सडली असेल तर धूर त्याच हवेतून गाडीत शिरतो, म्हणून ती खाली झोपून बघायला हवी होती. मिस्त्रींनी सवयीने जाळीला नाक लावलं.

"न्या बिनधास्त, बाई."

गाडी जाऊन अर्धा तास झाला असेल. शेजारचा टायरवाला पाना मागायला आला आणि दारातच थबकला. "मिस्त्री, केवढा धूर कोंडलाय इथे. डोकं दुखत नाही का तुमचं?"

म्हणजे गाडीची नळी सडलेलीच होती, आणि मिस्त्रींना वास आला नव्हता. झडप बंद होती तोवर धूर बाहेरच राहत होता. आत यायची वाट त्यांनीच करून दिली होती.

बाईंचा फोन नुसता वाजत होता. मिस्त्रींनी स्कूटर काढली आणि घाट धरला. प्रत्येक वळणावर ते आधी दरीत बघत, मग रस्त्यावर.

पाचव्या वळणावर गाडी कडेला उभी दिसली. इंजिन चालू, काचा बंद. बाईंनी कपाळ स्टिअरिंगवर टेकलं होतं. मिस्त्रींनी दारं धडाधड उघडली, इंजिन बंद केलं. "जरा गरगरलं म्हणून थांबले हो," बाई पुटपुटल्या. मागे लेक पेंगत होती. तिच्या मांडीवरचं बाळ मात्र हलत नव्हतं.

मिस्त्रींनी ते उचलून मोकळ्या वाऱ्यात धरलं. तळपाय चोळले. काही नाही. पुन्हा चोळले. मग त्या जिवाने चेहरा आक्रसला आणि टाहो फोडला.

मागून आलेल्या टेम्पोने तिघींना दवाखान्यात पोचवलं. तिघीही बचावतील, असं डॉक्टर म्हणाले. दवाखान्याच्या बाकावर टेकताच मिस्त्रींना बाकीच्या गाड्या आठवल्या. वर्षभरात असल्या हीटरच्या आणखी सात गाड्या त्यांनी नाकावर पास केल्या होत्या.

त्यांनी फोन काढला. पहिल्याला म्हणाले, "मी मिस्त्री बोलतोय. हीटर बंद करा, काचा खाली घ्या. मला वर्षभर वास येत नाही." दुसऱ्याला तेच, तिसऱ्यालाही तेच.

चौथा फोन कोणी उचलेना.