बातमीदार आणि दरेकशाचा ढोल

अख्ख्या गोंदियात आमच्या अजबखान्यावर मनापासून जीव टाकणारा एकच माणूस होता, आणि तो तिथं नोकरीला नव्हता. नोकरीला मी होतो. तो माणूस म्हणजे गावच्या साप्ताहिकाचे बातमीदार. मूळचे दवनीवाड्याचे, अंगानं सडसडीत, डोक्यावर काळी टोपी, कानावर पेन्सिल. दर बुधवारी घामेघूम होऊन ते दारात उभे राहत आणि विचारत, "बाबू, काय नवीन?" दोन खोल्यांत जुनी नाणी, तुटक्या मूर्ती आणि पेंढा भरलेला एक बिबट, तिथं नवीन काय घडणार? पण रिकाम्या हातानं परतणं त्यांना ठाऊकच नव्हतं. बिबटाच्या कानाला कसर लागली, तर शनिवारच्या अंकात 'बिबटाची प्रकृती चिंताजनक' असं येई. एकदा त्यांनी बिबट डोळे फिरवतो असं छापलं. देवरीकडून बैलगाड्या भरून माणसं आली, आणि संध्याकाळपर्यंत तो डोळे फिरवीना म्हणून माझ्यावर भडकली. मी चिडून म्हणालो, "असं काऊन छापता हो?" ते शांतपणे म्हणाले, "लोक आले का नाही? आले ना! बस."

ती बातमी ऐकूनच दरेकशाचा एक म्हातारा गोंड शेतकरी पुढच्या बुधवारी आला. बिबटाकडे त्यानं धड पाहिलंही नाही. भिंतीवरच्या ढोलापाशी तो थांबला आणि चामड्यावरच्या ठिगळावरून बोट फिरवू लागला.

"हे ठिगळ मीच लावलो बाबू. माज्या भावाचा ढोल आहे. भाऊ मेला, तवा जंगलचा साहेब घेऊन गेला. नातीचं लगन आहे. दोन रोज द्या."

वस्तू बाहेर द्यायची नाही, असा अजबखान्याच्या समितीचा सक्त नियम. बोभाटा झाला असता तर माझी नोकरी गेलीच असती, आणि बातमीदार तर समोरच उभे. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढून खिशात टाकली.

"देऊन टाका. मी आज आलोच नाही."

लग्नाला आम्ही दोघंही दरेकशाला गेलो. म्हाताऱ्यानं ढोल गळ्यात अडकवला, पहिली थाप पडली आणि सारा मांडव उभा राहिला. बातमीदार त्यात शिरले ते टोपी कुठं पडली याचंही भान न ठेवता नाचले. परतताना स्टेशनावर ते सापडलेल्या टोपीची धूळ झटकत होते. म्हणाले, "बाबू, माजी माय अशीच नाचे. ते मी पार भुलूनच गेलो होतो, आज आठवलं."

तिसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं ढोल पुसून आणून दिला. शनिवारच्या अंकात अजबखान्याबद्दल एक ओळही नव्हती.

पुढं दुसऱ्या महायुद्धात कागद मिळेनासा झाला आणि साप्ताहिक बंद पडलं. बातमीदार रायपूरला एका छापखान्यात लागले. तिथून एकच पत्र आलं: 'सगळं ठीक आहे. करमत नाही. एकदा येऊन जा.' जाईन, जाईन म्हणत मी राहिलो. नंतर त्यांचा पत्ताही लागला नाही. अजूनही स्टेशनावर गेलो आणि रायपूरची गाडी फलाटावर लागली की वाटतं, असंच चढून बसावं. ती सुटेपर्यंत मी तिथंच उभा असतो.