समासात लिहिलेलं चॅनेल

‘कधीही बघा’ या दोन शब्दांवर माझा राग आहे आणि तो कमी करायचा माझा अजिबात विचार नाही. कधीही, कुठेही, हवं ते, हवं तेवढं. ज्यांना यात फार मोठं सुख वाटतं त्यांनी ते खुशाल उपभोगावं. मी मात्र, कार्यक्रमाला ठरलेली वेळ होती आणि त्या वेळेला माणसं जमायची, त्या काळाच्याच बाजूने भांडत राहणार. जुन्या आठवणी काढून उसासे टाकायची मला सवय नाही. हे भांडण आमच्याच घरात झालं, नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टेलव्हीनमध्ये, करोनाच्या पहिल्या वर्षी. लढली ती माझी आई.

आई फेब्रुवारीत थोड्या दिवसांसाठी म्हणून आली होती. मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि ती इथेच अडकली. मी आणि नवरा, आम्ही दोघंही आयटीतले. त्याचं ऑफिस स्लोटरडाइकला, माझं त्याच्याही पुढे, पण आता दोन्ही ऑफिसं घरात येऊन बसली होती. तो माळ्यावरच्या खोलीत, मी जेवणाच्या टेबलावर, मुलगी तिच्या खोलीत ऑनलाइन शाळेत. तिघांच्याही कानांत हेडफोन. आई सकाळी आंघोळ करून, वेणी घालून, धुतलेली साडी नेसून सोफ्यावर येऊन बसायची आणि दुपारच्या जेवणापर्यंत तिच्याशी कोणी बोलायचं नाही.

नवऱ्याने तिच्यासाठी टॅबलेट आणला. माणूस मनाने चांगला आहे, हे इथेच सांगून टाकते, पुढे सांगायला जमेलसं वाटत नाही. त्याने सगळ्या मराठी मालिका त्यात भरून दिल्या.

“आई, आता तुम्हाला वेळेचं बंधनच नाही. पाहिजे तेव्हा बघा.”

“पाहिजे तेव्हा म्हणजे कधी?” आईने विचारलं.

“एनी टाइम!”

आईने थोडे दिवस तो टॅबलेट मांडीवर घेऊन पाहिला. मग एका सकाळी तो नीट पुसला, टॉवेलात गुंडाळला आणि कपाटात ठेवून दिला.

आमच्या तालुक्याच्या गावात केबलवाल्याचं स्वतःचं चॅनेल होतं. दुकानामागची एक खोली, एक कॅमेरा, एक कॉम्प्युटर, बस्स. पडद्याच्या तळाशी पट्टी सरकत राहायची: उद्या पाणी येणार नाही, अमक्यांच्या नातीचा वाढदिवस, तमक्यांचा दहावा नदीवर, कोणाची तरी म्हैस दावं तोडून गेली आहे, दिसल्यास कळवावे. दुपारी सिनेमा. गणपतीत गल्लोगल्लीच्या आरत्या, आणि त्यात आपलं घर दिसेल म्हणून सगळं गाव टीव्हीसमोर. दर रविवारी पेपरात घातलेला एक गुलाबी कागद यायचा, त्यावर आठवड्याचे कार्यक्रम. शाई हाताला लागायची आणि निदान एका सिनेमाचं नाव तरी चुकीचं छापलेलं असायचं. आई तो कागद शोकेसच्या काचेला चिकटवून पेनाने खुणा करायची. त्या खुणांवर घराचा आठवडा चालायचा. दुपारच्या सिनेमाच्या आत गल्लीतल्या सगळ्या बायकांची भांडी घासून झालेली असत. मध्येच चित्र गेलं की सगळ्या एकदम दारात. “तुमच्याकडेपण गेलं का?” सगळीकडे गेलंय असं कळलं की जिवाला बरं वाटायचं.

याला कोणी मागासलेपणा म्हणेल. म्हणू देत. चित्र गेल्यावर दारात येऊन विचारायला माणूस असणं, याला मी श्रीमंती म्हणते.

एप्रिलमध्ये पोस्टमनने शेजारणीचं एक साप्ताहिक चुकून आमच्या पेटीत टाकलं. शेजारीण ऐंशीच्या घरातली डच बाई, एकटी राहणारी. तिच्या आणि आमच्या घरामध्ये एकच भिंत. साप्ताहिक टीव्हीच्या कार्यक्रमांचं होतं. इथे अशी साप्ताहिकं अजून निघतात आणि जुनी माणसं ती घरी मागवतात. आईला डच ओ की ठो कळत नाही, पण पान उलटल्याबरोबर ती ओरडलीच.

“अगं, हा तर आपला गुलाबी कागद!”

तेच रकाने, त्याच वेळा, आणि अगदी खाली बारीक अक्षरांत त्या त्या प्रांताची चॅनेलं. आईने प्रत्येक रकान्यावरून बोट फिरवलं. वाचता एक शब्द येत नव्हता, तरी अर्धी सकाळ तिने त्यात काढली. मग म्हणाली, “चल, ज्याचं त्याला देऊन येऊ.”

शेजारणीने दार उघडलं आणि ती नियमाप्रमाणे लांब उभी राहिली. आईने हातवारे करून विचारलं: तुम्ही काय बघता? कधी बघता? शेजारणीला ते बरोबर कळलं. ती आत जाऊन पेन घेऊन आली, एका पानाच्या समासात काहीतरी लिहिलं, ते पान फाडून पायरीवर ठेवलं आणि मागे सरकली. आमच्या शहराचं एक छोटंसं स्थानिक चॅनेल आहे. साप्ताहिकवाल्यांनी त्याला रकाना दिलेला नव्हता. त्याचा सकाळी दहाचा कार्यक्रम तिने हाताने लिहून दिला होता.

घरात कोंडलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी खुर्ची धरून करायचे व्यायाम, असा तो कार्यक्रम. रिकामं सभागृह, एक खुर्ची आणि ट्रॅकसूट घातलेली एक हौशी बाई. कधी तिचा आवाज यायचा नाही, कधी हात वर केले की ते चौकटीच्या बाहेर जायचे. एकदा तिचा कुत्रा येऊन खुर्चीखाली झोपला आणि शेवटपर्यंत उठला नाही. कार्यक्रम संपला की नगरपालिकेच्या सूचना: कचरा कधी नेणार, लायब्ररी कधी उघडणार. “यांच्याकडेही पट्टी आहे गं,” आई खूश होऊन म्हणाली. मला विचाराल तर जगातलं यच्चयावत चकचकीत मनोरंजन मी त्या कुत्र्यावरून ओवाळून टाकीन. ते चॅनेल आमच्या गल्ल्यांसाठी होतं. दुसऱ्या कुणाला ते आवडो न आवडो, त्याची फिकीर त्यांनी केली नव्हती.

दहा वाजले की पलीकडून भिंतीवर काठीचा ठोका पडायचा. आई इकडून लाटण्याने ठोका द्यायची आणि मग दोघी आपापल्या घरात व्यायाम सुरू करायच्या. हे कसं ठरलं मला आजही माहीत नाही. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पण मध्येच चित्र अडकलं की पलीकडून दोनदा ठकठक व्हायचं, आणि त्याचा अर्थ मला आईला सांगावा लागला नाही. आता सकाळी साडी नेसून बसायला तिला कारण होतं. कोणीतरी तिची वाट बघत होतं.

मे महिन्यात माझ्या नवऱ्याने टीव्हीचं कनेक्शन काढून टाकलं.

जुन्या सिस्टिम बंद करणं हे त्याचं ऑफिसातलं कामच. दिवसभर तेच केल्यावर घरातलं जुनं काही दिसलं की त्याचे हात शिवशिवतात. आणि त्याने आधी तपासलं होतं, बरं का. टीव्हीवाल्या कंपनीच्या अ‍ॅपवर आमच्या घराचा वापर पाहिला, तर शून्य. ते अ‍ॅप फक्त मोबाइल आणि टॅबलेटवर बघणाऱ्यांना मोजत होतं. भिंतीतल्या तारेवरून सरळ टीव्हीवर बघणारी माझी आई त्या आकड्यात कुठेच नव्हती. माळ्यावर हेडफोन लावून बसलेल्या माणसाला ठोके तरी कुठून ऐकू येणार!

सकाळी आईने टीव्ही लावला तर निळा पडदा. मी नवऱ्याला हाका मारून खाली बोलावलं.

“ते मी कॅन्सल केलं,” तो म्हणाला. “कोणी वापरतच नव्हतं. झीरो यूसेज.”

“आई रोज बघते.”

“मग अ‍ॅपमध्ये दिसायला हवं होतं ना!”

“आई अ‍ॅपमध्ये राहत नाही, घरात राहते!” मी ओरडले.

परत जोडायचं तर नवा करार, नवा बॉक्स, आणि करोनामुळे टेक्निशियन घरात यायला तयार नव्हते. म्हणजे काही आठवडे गेलेच. नवरा खजील झाला, पण लगेच त्याला उपाय सुचला. “आई, हे लोक संध्याकाळी नेटवर रेकॉर्डिंग टाकतात. सेम कंटेंट. पाहिजे तेव्हा बघा.”

तेवढ्यात भिंतीवर ठोका पडला. आईने लाटणं उचललं आणि परत ओट्यावर ठेवलं.

“वाजव ना,” मी म्हणाले.

“काय वाजवू? समोर कार्यक्रम नाही आणि बघतेय म्हणून सांगू?”

पुन्हा ठोका पडला. मग जोरजोरात, लागोपाठ. मग काहीच नाही. जरा वेळाने आमच्या रस्त्याकडच्या खिडकीवर काठी आपटली. बाहेर शेजारीण, घरातल्या सपाता घालून, गाऊनवर कोट चढवून. लॉकडाऊन लागल्यापासून ती घराबाहेर पडलेली नव्हती. सामानसुद्धा तिच्या पायरीवर येऊन पडायचं. काचेतून तिने आईला धडधाकट उभं पाहिलं आणि तिथेच भिंतीला टेकली. गडबड ऐकून मुलगी खाली आली. तिने खिडकी उघडली, शेजारणीचं ऐकून घेतलं आणि आईकडे वळून म्हणाली, “आजी, शी थॉट यू वेअर डेड.”

मी काय झालं ते डचमध्ये सांगितलं. शेजारणीने नवऱ्याला तोंडावर विचारलं, परत जोडता येत नाही? तो बॉक्स, करार, टेक्निशियन असं समजावू लागला. तिने पुरतं ऐकूनही घेतलं नाही. आईला तिने आपल्या घराची पुढची खिडकी बोटाने दाखवली, मग मनगटावरचं घड्याळ, आणि ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तिने टीव्ही ढकलत खिडकीशी आणला होता आणि दोघींना दिसेल असा तिरपा लावला होता. पडदे तर इथे कोणी लावतच नाही. वरची झडप उघडी, आवाज मोठा. ती आत खुर्ची धरून उभी, आणि आई बाहेर फूटपाथवर: सहावारी साडी, वरून माझं जॅकेट, पायांत माझे बूट.

“अगं, आईंना आत बोलाव,” नवरा मला म्हणाला. “लोक बघतायत. कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकेल.”

त्याची भीती खोटी नव्हती. आमच्या भागात आपली माणसं भरपूर. सायकलवरून दोन बायका गेल्या, त्यांतली एक चांगली ओळखीची होती आणि मान वळवून वळवून बघत होती. माझी मीटिंग सुरू होती, थोड्या वेळात मलाच बोलायचं होतं. मी लॅपटॉप मिटला, चपला सरकवल्या आणि बाहेर जाऊन आईशेजारी उभी राहिले. त्या ओळखीच्या बाईला हात केला. बघ बाई, पोटभर बघ. ही माझी आई आहे आणि तिचा कार्यक्रम सुरू आहे.

नवरा मागोमाग आला. हातात मोबाइल, त्यावर कालचं रेकॉर्डिंग लावलेलं. “आई, प्लीज आत या. हे बघा, अगदी तेच आहे. आरामात बसून करा.”

जावयाशी आई कधी चढ्या आवाजात बोललेली नाही. तेव्हाही बोलली नाही. तिने मोबाइल हातात घेतला, थोडा वेळ पाहिला आणि परत दिला.

“जावईबापू, यात मला सगळे दिसतात,” ती म्हणाली. “मी कोणाला दिसते?”

टीव्हीवरची बाई पुढच्या व्यायामाला लागली होती. शेजारीण मात्र पुढे गेली नव्हती. काचेपलीकडे, डावा हात वर धरून, ती आईकडे बघत थांबली होती. आई वळली आणि तिने हात वर केला.