पंचांगातल्या फुल्या

पौष वद्य पंचमी, मंगळवार, सकाळी आठचा सुमार. हजर : सासूबाई, सासरे, धाकटे भावजी, म्हणजे प्रयागचा नवरा, आणि मी, तिची थोरली जाऊ. तिच्या माहेरी बेंबळीला सांगावा धाडला होता; भाऊ पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. मी तिचे पाय चोळत होते. ती गेल्याचं मला आधी तिच्या तळव्यांवरून कळलं, मग भावजींच्या तोंडाकडं पाहून. समाचाराला आलेले म्हणाले, पोटदुखीनं गेली बिचारी. नुसत्या पोटदुखीनं कोणी जात नाही. दहा वर्षं कोणी नीट विचारलं नाही म्हणून प्रयाग गेली, आणि न विचारणाऱ्यांत माझं नाव पहिलं आहे.

पोलीस ॲक्शननंतरच्या उन्हाळ्यात ती लग्न होऊन मुरुमजवळच्या आमच्या गावी आली. हसरी, बोलघेवडी. दोन वर्षांत दुखणं सुरू झालं. बेंबीच्या खाली, ओटीपोटात उठायचं आणि कमरेपर्यंत जायचं. दळता दळता खुंटा धरून थांबायची. "काय गं?" विचारलं की म्हणायची, "काय न्हाय अक्का, आत नळदुर्गाचा किल्ला हाय. तोफा उडतेत, भाईर कुणाला दिसत न्हाय." मी हसायचे. सासूबाई हसत नसत. पाळी आली की चार दिवस बाजूला बसायचं हा घरचा रिवाज. पाचव्या दिवशी न्हाऊन आत आली तरी प्रयाग वाकूनच चालायची. "चार दिसाचं आठ दिस करती," सासूबाई म्हणत. "लेकरू न्हाय, बाळ न्हाय, हिला कंबर धरायला काय झालं? सोंग हाय समदं."

उमरग्याला डॉक्टरांकडं नेलं तेव्हा बोलले सासरे. ती बाकावर, पदर हनुवटीपर्यंत ओढून. "पोटात दुखतंय म्हणती," एवढंच त्यांनी सांगितलं. सुनेचं याहून जास्त ते बोलणार तरी कसे? डॉक्टरांनी जीभ पाहिली, नाडी पाहिली, गुलाबी औषधाची बाटली दिली. तीन वर्षं ती बाटली भरून येत राहिली. मुरुमचे म्हातारे हकीमसाहेब तेवढे खरं बोलले. मनगट सोडून म्हणाले, "ये मेरे बस का नै, बाई. सोलापूर ले जाव, लेडी डॉक्टर को दिखाव. देर नक्को करो." परत येताना बैलगाडीत सासरे म्हणाले, "हकीम म्हातारा झालाय." त्या एका वाक्यात आणखी चार वर्षं गेली...

मला सगळं लिहून ठेवायची सवय. घरात स्वयंपाक करणाऱ्या आम्ही चौघी : सासूबाई, नणंद, प्रयाग आणि मी. कोण कधी बाजूला बसली, त्या दिवशी भाकरी कोण थापणार, याची खूण मी पंचांगात तिथीपुढं करत असे. प्रत्येकीचं अक्षर ठरलेलं. दुखण्यानं प्रयाग उठलीच नाही, की तिच्या अक्षरापुढं फुली. शेवटी तिला चालता येईना, तेव्हा भावजींनी वडिलांपुढं पहिल्यांदाच आवाज चढवला आणि आम्ही सोलापूरला गेलो. "कधीपासून दुखतं? पाळी किती दिवसांनी येते?" लेडी डॉक्टरांनी विचारलं. प्रयाग माझ्याकडं बघू लागली. निघायचा मुहूर्त बघण्यासाठी घेतलेलं पंचांग पिशवीतच होतं. मी मोठ्या हुशारीनं ते पुढं केलं. खुणांचा अर्थ सांगितला. बोट फिरवत त्यांनी एकेक पान पाहिलं. पाळी कधी सतरा दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी. मधे नुसत्या फुल्याच फुल्या.

"आधीची पंचांगं आहेत?"

"सगळी जपून ठेवलीत."

"लिहिलंय कुणी?"

"मीच."

"मग वाचलं का नाहीत, बाई?"

मी भाकरीच्या पाळ्या लावत होते.

तपासण्या झाल्या. ओटीपोटातला क्षय निघाला. मूल होत नव्हतं तेही त्यामुळंच, असं डॉक्टरांनी समजावलं. प्रयाग ऐकत राहिली आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, "नाव हाय म्हणा की, अक्का. सोंगाला डाक्टर नाव देत न्हाईत." सुया सुरू झाल्या. दुसऱ्या महिन्यात एका दुपारी ती पालथी झोपली. कित्येक वर्षांत मी तिला तसं झोपलेलं पाहिलं नव्हतं. पण आत आतडी एकमेकांना चिकटली होती. फार उशिरा आणलंत, डॉक्टर म्हणाल्या. दिवाळीनंतर तिला घरी आणलं. रोगाचं नाव लिहिलेली चिठ्ठी मी सासूबाईंना दोनदा वाचून दाखवली. "असंल," म्हणाल्या, आणि तांदूळ निवडत राहिल्या.

सोलापूर सोडताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं होतं. हा रोग घरात एकीपाशीच थांबेल असं नाही, बाकीच्या बायकांनाही तपासायला घेऊन या, असं त्यांनी बजावलं. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी यादी केली. तीन नावं. प्रत्येकीपुढं, काय दुखतं आणि कधीपासून, ते लिहायला जागा सोडली. सासूबाई म्हणाल्या, "मला मेलीला काय धाड भरलीय?" नणंद मान खाली घालून पाटा धुऊ लागली. सासऱ्यांचं म्हणणं, सुगी होऊ द्या. सुगी झाली, ज्वारी घरात आली. सोलापूरला जायचं अजून ठरत नाही, आणि यादीत माझ्या नावापुढची जागा मी अजून भरलेली नाही.